रामोजीअण्णांची तपासणी

शेजारी आपल्याला सायकलवर बसू देणार नाही, हे आधी कळलं असतं तर मी राजाजीनगर सोडून बनशंकरीच्या रानात बिऱ्हाड केलं असतं.

रोज सकाळी मी निघालो की रामोजीअण्णा फाटकात आडवे. "स्वल्प थांबा!" मग सायकलभोवती एक फेरी. टायर दाबणार, ब्रेक ओढणार, साखळीला बोट लावून तेल बघणार. शेवटी ओलं बोट हवेत धरून वाऱ्याची दिशा! मला ऑफिसात जायचं असे, विमान उडवायचं नसे.

अण्णांचा जन्म गेला जक्कूरच्या विमानतळावर. विमानतळ म्हणजे गवताचं मैदान आणि एक पत्र्याची शेड. तिथल्या दोन माणसं बसतील एवढ्या विमानांना पंखांवर कापड शिवायचं, रोगण द्यायचं आणि निघताना पुढचा पंखा हाताने फिरवून द्यायचा, हे त्यांचं काम. स्वतः मात्र एकदाही बसले नाहीत. "खाली कोणतरी पायजे की," म्हणत. शेवटचं विमान उतरेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा त्यांचा नेम. हे सगळं मी सायकल धरून, घड्याळाकडे बघत ऐकलेलं आहे.

ते निवृत्त झाले आणि माझे ग्रह फिरले. एका महिन्यात तीन वेळा उशीर. साहेब म्हणाले, आता एकदा जरी उशीर झाला तरी बढती विसरा. शेजारी वारा बघत होता, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बोळातून चोरासारखा सटकलो. वेळेवर पोचलो, दिवसभर खुशीत होतो. संध्याकाळी सहाला परतलो, तर अण्णा फाटकात उभे. चेहरा पार उतरलेला. "सरी, ठीक झालं, उतरले सुखरूप," एवढंच पुटपुटले आणि आत गेले.

आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्यांची बायको, गंगूअक्का, ताट वाढत होत्या.

"आत्ता जेवण?" मी विचारलं.

"रोजचंच की हे," अक्का हळूच म्हणाल्या. "तुम्ही घरी आल्याशिवाय दुपारचं जेवत नाहीत. तिकडचं काम सुटलं, आता वाट बघायला तुम्हीच. आज तर पाणीसुद्धा घेतलं नाही. न बघता सोडलं म्हणून."

मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाव तास लवकर निघू लागलो आणि मधल्या सुट्टीत, भर उन्हात, अण्णांच्या नावाने खडे फोडत घरी येऊ लागलो. परत जाताना पुन्हा तपासणी होई, तो ताप वेगळाच. पण कोपऱ्यावरूनच मी घंटी वाजवायचो, आणि फाटकाशी पोचेपर्यंत आतून अण्णांचा आवाज यायचा, "गंगू, वाढ!"