हलिमाबुबूचा सरकारी सलाम

सरकार रोज माझी खुशाली विचारतं, असं लग्न होऊन अमरावतीला आल्यावर पहिलं वर्षभर मला खरंच वाटत होतं.

मी कौंडण्यपुराकडची. आमच्या गावात सरकार म्हणजे पाटील, आणि पाटलाने कोणाला कधी 'कशी आहेस' म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र रस्त्यावर दवंडीचा ढोल वाजला की थोड्या वेळाने हलिमाबुबू मागच्या दारी यायची, उंबऱ्याबाहेर टेकायची आणि म्हणायची, "बाई, सरकारनं सलाम धाडला हाये. इचारलं हाये, नवी सून पोटभर जेवते ना?"

हुकूम काय आहे ते त्यानंतर.

बुबू पिंजाऱ्याची विधवा. गल्लीच्या टोकाला एकटी राहायची आणि गाद्या-रजया भरून पोट भरायची. आम्हा बायकांना रस्त्यावर उभं राहून दवंडी ऐकायची सोय नव्हती. घरात नुसता ढोल ऐकू यायचा, शब्द वाऱ्यावर जायचे. ते शब्द बुबू घरोघर पोचवायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देतही नव्हतं.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. हिवरखेडाकडून, अकोल्याकडून गाड्यांच्या रांगा यायच्या. दुपारी गल्लीत रुई तरंगत असे. छपरांवर, निंबाच्या पानांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर एक पांढरी साय धरायची. पावलं वाजत नसत. झोपेत चालल्यासारखी माणसं जायची-यायची, आणि त्या पांढऱ्यातून भुवयांना रुई लागलेली बुबू हळूहळू दिसू लागायची.

रस्त्यात गाड्या सोडू नका, असा हुकूम निघाला. बुबूने सांगितलं, "सरकार म्हन्ते, तुमच्या बैलाईले उन्ह लागून राहिलं. जरा आडोशाले बांधा." घरापुढच्या नाल्या साफ करा, नाहीतर दंड, असा दुसरा निघाला. तो आमच्या दारी आला तो असा, "सरकारले तुमचं आंगन लय आवडलं. नाली तेवढी पाहून घ्या."

कापसाच्या गंजीजवळ चिलीम ओढणाऱ्याला धरून नेतील, अशी एकदा दवंडी झाली. आमचे सासरे मोठे चिलीमवाले. बुबू त्यांना म्हणाली, "बाबा, सरकारले तुमच्या खोकल्याची काळजी पडली हाये." सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चिलीम फडताळावर ठेवली, आणि चार दिवसांनी नवा फेटा बांधून ते सरकारला उलट सलाम सांगायला कचेरीत गेले. तिथल्या कारकुनांची हसून मुरकुंडी वळली.

घरी येऊन त्यांनी बुबूला फैलावर घेतलं. "लबाड बोलतं काहून व?"

"दवंडीवाला तोंडातलं सांगते, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "मी पोटातलं सांगतो."

त्यानंतर गल्लीने तिचं बोलणं मनावर घेणं सोडलं. ती यायची, सलाम सांगायची, आम्ही हसायचो, गुळाचा खडा द्यायचो. माझी वेणू झाली तेव्हा तर बुबूने सरकारकडून तिच्या नाकाचं कौतुकही आणलं.

वेणू सहा महिन्यांची असताना एका सकाळी ढोल वाजला. बुबू धापा टाकत आली. टेकली नाही.

"टोचनारा आला हाये. चावडीपाशी बसला हाये. लेकराच्या दंडाले टोचलं की देवी येत नाही. उद्या सकाळी पोरीले घेऊन चाल."

मी सवयीने हसले. "आणि सलाम?"

"नाही धाडला."

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "देवीमाय कोपली तं? सुईनं का देवी आडते? इतके दिवस गोड गोड लबाड्या सांगितल्या तुनं. आजची खरी काहून मानू?"

बुबू दाराची चौकट धरून उभी राहिली. तिच्या गालांवरचे वण मी इतके दिवस पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते कशाचे आहेत हे माझ्या लक्षात आलं.

"लबाड्याच होत्या, माय," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कोनाच्या दारात कशी येऊ? म्हून सलाम घेऊन येत होती. पन हे खरं हाये. माहे दोन लेकरं, पोरगी अन् पोरगा, एका आठवड्यात गेले. मी वाचली. तवा कोनी टोचनारा नव्हता." आणि मग अगदी हळू, "तुमच्या पाया पडतो. पोरीले न्या."

सासूबाईंनी खुंटीवरचं जुन्या लुगड्याचं धडोतं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "उद्या हे गुंडाळून घेजो. हवा लागन तिले."

बुबू त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारी गेली. काहींनी ऐकलं, काहींनी हसून लावून दिलं. दुसऱ्या दिवशी चावडीपाशी आम्ही पाचजणी होतो. टोचणाऱ्याच्या समोर बसायचा मला धीर होईना. बुबूने वेणूला मांडीवर घेतलं आणि तिचा दंड स्वतः धरला. वेणूने टाहो फोडला. बुबूने डोळे मिटून घेतले, पण हात हलू दिला नाही.

पुढे दंडावर फोड आला, अंग तापलं. बुबू रोज सकाळी दारी यायची, विचारायची आणि निघून जायची. बातम्या सांगणं तिने सोडूनच दिलं होतं. ताप उतरला, फोडावर खपली धरली, तेव्हा सासूबाईंनीच तिला हाक मारली, "बाहेर काहून उभी? आत ये. घे पोरीले."

आमच्या घरात बुबूने पहिल्यांदा पाऊल ठेवलं. ओसरीच्या खांबाला टेकून ती बसली आणि वेणूच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, मऊ आहे ना ते बघत. वेणू तिच्याकडे पाहून हसली.

"रशीदा," बुबू म्हणाली. "मेरी रशीदा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. असू दे, अशी मी मान हलवली. आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो.