जनूकाकांचे पाहुणे

मागून ट्रकचा कर्कश हॉर्न वाजला म्हणून मी गटाराच्या काठावर उडी मारली. वळून बघतो तर ट्रक नव्हताच. एक जुनी काळी मोटारसायकल होती आणि तिच्या डाव्या अंगाला ट्रकची केबिन जोडलेली होती. आकाराने देवघराएवढी, पण सगळं जिथल्या तिथे. कपाळावर रंगवलेली फुलं, काचेला झालर, लिंबू-मिरची, बाहेर आरसा, मागे 'हॉर्न ओके प्लीज'. खिडकीतून एक तपकिरी कुत्रा माझ्याकडे बघत होता, साहेबाने शिपायाकडे बघावं तसा.

"मास्तर, लागलं का?" मोटारसायकलवरून जनूकाकांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत केबिनीकडे वाकून म्हणाले, "निघू या ना, पाहुणे?"

मी मसोलीत राहतो, डहाणूच्या शाळेत गणित शिकवतो आणि आपल्याला बऱ्यापैकी मान आहे अशी माझी समजूत आहे. त्या दिवशी मात्र मानाची जागा केबिनीत होती.

जनूकाका आगर गावचे. चिकूची वाडी, दोन खोल्यांचं घर आणि एकटा जीव. लग्न का नाही केलं असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. पण कुत्र्याचं त्यांचं काहीही राहून जात नाही. त्याला ते अहो-जाहो करतात. रस्त्यात खड्डा आला की "पाहुणे, सांभाळा," आणि गतिरोधक आला की "पाहुणे, धरून बसा." काय धरायचं, ते पाहुण्यांनाच ठाऊक. गाडी एवढी हळू का चालवता, घोलवडच्या लग्नाला का आला नाहीत, चहा का घेत नाही, कशालाही त्यांचं एकच उत्तर, "पाहुण्यांची मर्जी."

एकदा स्टेशनजवळ हवालदाराने अडवलं.

"हे काय आहे? मोटारसायकल की ट्रक?"

"मोटारसायकल. ट्रक पाहुण्यांचा."

"लायसन्स?"

"माझं आहे. ते चालवत नाहीत, नुसते बसतात."

हवालदाराने बराच वेळ कुत्र्याकडे बघितलं आणि शेवटी दोघांनाही हात दाखवून सोडून दिलं.

केबिन आशागडच्या वेल्डरने केली. त्याने दाराला छान कडी लावली होती, ती काकांनी काढायला लावली. "पाहुण्यांना कोणी कोंडतं का?" म्हणाले. वेल्डर अजून ही गोष्ट सांगताना कपाळावर बोट फिरवतो. मीही फिरवायचो, खोटं कशाला बोलू? त्यात दर रविवारी सकाळी हे दोघे सजूनधजून तलासरीला जात. माझ्या भाचीचं लग्न रविवारचं, तर काका तलासरीसाठी पहिल्या पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठले होते. म्हातारपणी माणसाला असले छंद लागतात, अशी मी मनाशी नोंद करून टाकली होती.

मग २०१८च्या हिवाळ्यात ते शाळेच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. "मास्तर, तुमचं वजन किती?"

"बासष्ट. का?"

"चालेल. रविवारी तलासरीला येता का?"

मी गेलो. काकांच्या मागे बसलो. वाटभर काकांनी एकदाही 'सांभाळा' म्हटलं नाही. खड्ड्यांत पाहुण्यांना आपापलंच सांभाळावं लागलं.

हायवेवरच्या एका ढाब्यासमोर त्यांनी गाडी लावली, केबिनीचं तोंड रस्त्याकडे करून. स्वतः मात्र हायवेला पाठ करून बाजेवर बसले.

"तीन वर्षांपूर्वी हे इथं सापडले," काका म्हणाले. "ट्रकवाल्याचे. ट्रक थांबला, हे खाली उतरले, आणि ट्रक निघून गेला. चार दिवस इथंच बसून होते. दर ट्रकच्या मागे धावायचे. चाकाखाली येतील म्हणून घरी नेलं. मोटारसायकलवर बसेनात. केबिनीची सवय ना! मग केबिन करून घेतली."

"आणि रविवारी इथं येता ते..."

"दुसऱ्याची वस्तू आहे, मास्तर. मालक शोधायला नको? म्हणून तर नाव ठेवलं नाही. नाव त्याचं असणार. आपल्याकडे पाहुणे." चहा समोर तसाच होता. "तीन वर्षं मालक भेटावा म्हणून येतोय, आणि भेटू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतोय."

मी चहा त्यांच्या हाताशी सरकवला. 

"आज येतोय तो. कोणीतरी ड्रायव्हरने आपली केबिन पाहिली, त्याला सांगितलं. त्याचा इथं निरोप होता. परतताना केबिन रिकामी असेल. रिकामी केबिन डाव्या वळणावर उचलली जाते, गाडी उलटते. म्हणून तुम्हाला आणलं."

अकराच्या सुमारास एक ट्रक कडेला थांबला. ड्रायव्हर उतरला, सुरतेकडचा, तिशीतला. त्याने हाक मारली, "भूरा!"

पाहुण्यांनी दार ढकललं आणि धूम ठोकली. त्या माणसाच्या अंगावर उड्या काय, तोंड चाटणं काय, आवाज तर असा, की ढाब्यावरच्या माणसांनी हातातले घास खाली ठेवले. ड्रायव्हर रस्त्यातच बसून रडत होता. काकांनी तोवर मान वळवली नव्हती. मग उठले, जवळ गेले.

"लई जाओ, भाई. तमारो ज छे." गुजरातीत म्हणाले, घेऊन जा, तुमचाच आहे. आणि घाईघाईने, "चिकू आवडतो, बी काढून द्या. फटाक्यांना घाबरतात. उजवा कान ओला ठेवू नका." ड्रायव्हर त्यांच्या पाया पडला. पाहुणे खऱ्या केबिनीत चढले आणि डाव्या खिडकीत जाऊन बसले.

"ऐटीत बसलेत की नाही?" काका म्हणाले. ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभे होते. मला रडू आलं. लपवायचं म्हणून मी चहाचे पैसे द्यायला गेलो.

परतताना मी केबिनीत. गुडघे हनुवटीला, डोक्यावर लिंबू-मिरची, नाकात कुत्र्याचा वास. आशागडच्या नाक्यावर पोरं ओरडली, "पाहुणे बदलले रे!" माझ्या शाळेतली दोन होती त्यांत. एरवी मी उतरून त्यांचे कान पिळले असते.

नाक्याच्या पुढे काकांनी गाडी बाजूला घेतली. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. गाडीच्या हँडलकडे बघत त्यांनी विचारलं, "मास्तर, रविवारचं तुम्ही काय करता?"

रविवारी माझी दहावीची शिकवणी असते. सकाळी आठ ते बारा, सात मुलं; त्या दिवशी तेवढी बुडवली होती.

"काही नाही," मी म्हटलं.