चार बोटं सूर्य

पारसभाऊ चालत्या मोटारसायकलवर डावा हात लांब करून सूर्य मोजतात. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं. मी घड्याळ लावून तीनदा तपासलं. दोन-तीन मिनिटांपलीकडे फरक येत नाही, आणि तोही माझ्या मते बोटातल्या जाड अंगठीमुळे.

पारसभाऊ आमचे शेजारी. जळगावात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबा राजस्थानातून आलेले. घर जैन, म्हणून सूर्य मावळल्यावर जेवण नाही आणि पाण्याचा घोटही नाही. यात विशेष काही नाही. आमच्या गल्लीतली निम्मी घरं तशीच. विशेष हे की या माणसाला मोटारसायकलवरून हिंडायचं वेड आहे, आणि नवरा बाहेरगावी असला की त्याचा 'जेवलो' असा फोन आल्याशिवाय शांतावहिनी ताटावर बसत नाहीत. त्यांचं जेवण चुकलं आणि सूर्य गेला, की दोघंही उपाशी. एकदा तसं झालं आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना चक्कर आली. तेव्हापासून पारसभाऊंच्या सहली सूर्याच्या ताब्यात गेल्या.

दिवाळीनंतरच्या सहलीचा रस्ता ठरवायला आम्ही त्यांच्या ओट्यावर नकाशा पसरून बसतो. बसतो म्हणजे मी बसतो. ते फेऱ्या घालतात.

"पालला जाऊ," मी यंदा म्हणालो. "यावलपासून केळीच्या बागा, पुढं सातपुड्याचं जंगल."

"डोंगर? भाऊ, तिथं सूर्य लवकर डोंगराआड जातो."

"आड गेला म्हणजे मावळला नव्हे."

"पण मोजायचा कसा? बोटं कुठं धरू?"

"मग पहूरवरून अजिंठ्याचा घाट."

"सकाळी सांगा. संध्याकाळी सूर्याकडं पाठ करून मी गाडी चालवत नाही. मागं काय चाललंय ते कळत नाही."

"एक धबधबाही आहे तिकडं."

"धबधबा फुलके देतो का?"

आतून वहिनी म्हणाल्या, "यांना देखावा नको, भाऊजी. यांना पश्चिमेला खिडकी असलेली खानावळ हवी."

"सूर्य काही आपला नोकर नाही," पारसभाऊ म्हणाले. हे ते रोज म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकालाही म्हणतात.

शेवटी मी हिशेब मांडला. धुळ्यावरून साक्रीकडं गेलं, तर जळगावपेक्षा सूर्य पाचेक मिनिटं उशिरा मावळतो. ते फेरी घालता घालता थांबले. "पाच मिनिटं! पाच मिनिटांत मी चार फुलके खातो." रस्ता ठरला.

साक्रीच्या पुढचं पठार खरंच सुंदर आहे. वाळलेल्या पिवळ्या गवतातून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना पवनचक्क्या सावकाश फिरतात. मला तिथं अर्धा तास बसायचं होतं. पारसभाऊंनी हेल्मेटही काढलं नाही. पुढच्या गावी ओळखीच्या घरी आमचं जेवण सांगून ठेवलं होतं. डबा दुपारीच संपला होता. "किती बोटं? चार. चला, चला."

तीन किलोमीटरवर त्यांच्या गाडीचं मागचं चाक बसलं.

पंक्चरवाला सापडेपर्यंत दोन बोटं गेली. पारसभाऊंनी त्याला काम करू दिलं नाही म्हटलं तरी चालेल. पाना उचल, पाना ठेव, रस्त्यावर जा, सूर्य बघ, परत ये. चाक दुरुस्त होऊन परत चढलं तेव्हा एकच बोट उरलं होतं आणि जेवणाचं गाव अजून अठरा किलोमीटर होतं.

त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती. मेंढ्या घेऊन जाणारा एक म्हातारा म्हणाला, "आठे रेंज नही शे, भाऊ. वर टेकडीवर जा, तठे लागस."

पारसभाऊ पळतच टेकडी चढले. मागून मी धापा टाकत पोचलो आणि धीर द्यायला म्हणालो, "अजून वेळ आहे की. आपली पाच मिनिटं जास्तीची आहेत."

"इथं आहेत," ते म्हणाले. "जळगावात नाहीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं हा माणूस इथला सूर्य मोजून मनात जळगावचा धरत होता. माझ्या हिशेबात वहिनींचं ताट आलंच नव्हतं.

पहिल्याच घंटीला वहिनींनी फोन घेतला. घरात ते मारवाडी बोलतात, पण ती मला चांगली कळते.

"जेवलो," पारसभाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मला हातानं गप्प केलं.

"एवढा दम का लागलाय?" वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"जास्त झालं जेवण. तू बस आधी. बसलीस का?"

"बसते. काय होतं?"

"फुलके. मुगाची डाळ. तोंडल्याची भाजी." त्यांनी आवंढा गिळला. "पापड होता, भाजलेला."

"खरंच जेवलात ना?"

वाऱ्यानं त्यांचा शर्ट फडफडत होता. तिकडं ताटाचा आवाज आला.

"हो गं," ते जरा चिडून म्हणाले. "डाळीत मीठ कमी होतं, एवढंच."