सुभेदारांचा लॅम्डा

फळ्यावर डिटर्मिनंट शून्य झालं, की थोरात सुभेदार शेवटच्या बाकावरून ताडकन उठून 'सावधान'मध्ये उभे राहायचे. वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची. सुभेदार नाकासमोर बघत म्हणायचे, "हसू नगासा रं. शून्य आलं, म्हंजी मोर्चा फत्ते."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका कॉलेजात मी नुकताच गणित शिकवायला लागलो होतो. माझा तास दुपारी, जेवणानंतर. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा, त्यात खडूची धूळ तरंगायची आणि शिकवता शिकवता मीही तिच्याबरोबर कुठंतरी तरंगत जायचो. मला जमिनीवर आणायचे ते सुभेदार. खरं तर ते विद्यार्थी नव्हतेच. फौजेतून निवृत्त होऊन आष्ट्याला ऊस बघत होते. एक दिवस सायकल मारत आले, प्राचार्यांना सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "गणिताच्या वर्गात बसायचं हाय." त्या मिशांपुढं नाही म्हणायची प्राचार्यांची छाती झाली नाही.

त्यांना हवं होतं एकच प्रकरण, आयगेन व्हॅल्यूचं. बाकीच्या तासांना ते डोळे उघडे ठेवून झोपायचे. फौजेत ही विद्या शिकवतात म्हणे.

मी ते प्रकरण पुस्तकात होतं तसं शिकवलं आणि कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी अख्खा वर्ग मैदानावर नेला. झेंड्याचा खांब मधे धरून पोरांना चहूबाजूंनी उभं केलं. प्रत्येक पोरगा म्हणजे एक व्हेक्टर, खांबापासून त्याच्यापर्यंतचा बाण; आणि मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोन, हा हुकूम. वरच्या ओळीत दोन, एक. खालच्या ओळीत एक, दोन. हुकूम सुटला. हिशेब करत, एकमेकांना धडकत पोरं आपापल्या नव्या जागी गेली. खांबापासून बघितलं तर बहुतेकांची दिशा बदललेली. पण ईशान्येचा गडी त्याच रेषेत तिप्पट लांब गेला होता आणि आग्नेयेचा जागचा हललासुद्धा नव्हता.

"बगा," सुभेदार म्हणाले, "हुकूम आला की समदी वळत्यात. जो वळत न्हाई, आपलीच वाट धरून ऱ्हातो, त्यो आपला गडी. त्याची चाल किती पट झाली, त्यो लॅम्डा, म्हंजी आयगेन व्हॅल्यू. ह्याचा तीन, त्याचा एक."

मी कडेला कडुलिंबाच्या सावलीत उभा होतो. पदवी घेऊन चार वर्षं झाली होती आणि आयगेन व्हॅल्यू मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

या वेडामागं त्यांची लेक होती. शालन साताऱ्याला मामाकडे राहून बी.एस्सी. करत होती आणि गेल्या वर्षी याच पेपरात नापास झाली होती. मामानं कराडचं स्थळ आणलं. सुभेदारांनी एक वर्ष मागून घेतलं. पुन्हा नापास झाली तर शिक्षण बंद, लग्न. म्हणून आठवडाभर ते माझ्याकडं शिकायचे आणि रविवारी एस.टी.नं साताऱ्याला जाऊन तिला शिकवायचे.

परीक्षा दोन महिन्यांवर आली, तेव्हा ते चेहरा पाडून माझ्याकडं आले.

"आवं सर, डिटर्मिनंट शून्य करून लॅम्डा काढताना त्यो कर्णावरल्या दोन आकड्यांतनंच वजा करायचा, व्हय ना? ही पोरगी चारी आकड्यांतनं करती. आपल्या मैदानावरल्या गणितात तीन आन् एक यायच्या जागी दीड येतंय. मी समजावतो, ती मान हलवती, आन् फुडल्या रविवारी पुन्यांदा दीड! पोरीचं कसं व्हायचं?"

मला कामासाठी साताऱ्याला जायचंच होतं. सुभेदारांनी पत्ता आणि शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली. एस.टी.च्या खिडकीतून उसाचे तुरे मागं पळत होते, मधेच कृष्णा दिसायची, नाहीशी व्हायची, आणि डुलक्या खात मी या दीडचा विचार करत होतो.

शालननं वही पुढं ठेवली. खरंच, दर रविवारच्या पानावर दीड. मी तिला एक अवघड, तीन ओळींचं मॅट्रिक्स घातलं. मामींचा चहा उकळायच्या आत तिनं तिन्ही लॅम्डा बिनचूक काढले.

मी वहीकडं बोट दाखवलं. ती लाल झाली.

"सर, आबांना सांगू नका. त्यांनी अंगणात खडे मांडून शिकवलं, तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या रविवारी सगळं बरोबर सोडवलं, तर म्हणाले, 'झालं, माझं काम संपलं,' आणि पिशवी घेऊन उठलेच. लहानपणी ते वर्षातनं दोन महिने रजेवर यायचे. त्यातला एक महिना मी लाजून दाराआड असायची. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही, सर. लॅम्डावर मात्र चार चार तास बोलतात."

चहा तसाच निवत राहिला.

सांगलीला परतलो, तर सुभेदार कॉलेजच्या पायरीवर बसलेले. उठले, पण सॅल्यूट करायचं विसरले.

"गावली का चूक?"

"सापडली," मी म्हणालो. "पण मुरलेली आहे. परीक्षेपर्यंत एकही रविवार चुकवू नका."

"पास हुईल न्हवं?"

"नक्की होईल."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग टोपी काढून उगाच झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मंग सावकाश सुदरू द्या, सर. घाई न्हाई."