झिंगरूजींचा हात

झिंगरू आचाऱ्यांना पळीचा भारी राग. थंड पदार्थाच्या भांड्यात पळी दिसली की ती थेट मांडवाबाहेर. "कोनं चाटली असन, काय नेम? हात आपला, आपल्याच अंगाले चिपकून रायते." म्हणून तीनशे पानांचे दहीवडे ते कोपरापर्यंत हात घालून कालवायचे.

सोवळं तर विचारू नका. गावच्या तळ्यावर, बोडीवर, तीनदा आंघोळ, कोणाची सावली पडली की चौथी. आमच्या नागरा गावाच्या आसपास त्यांच्याशिवाय लग्न लागत नसे, आणि त्यांच्या पंगतीनंतर अर्धं गाव लोटा घेऊन बांधाकडे पळत असे. दोन्ही गोष्टी जोडून पाहायची अक्कल कोणालाच नव्हती. मी गावचा मास्तर, मलाही नव्हती. झिंगरूजी कधी कल्हईला दोष देत, कधी नवरीच्या मामाच्या नजरेला. "मायात खोट असती तं मले काऊन काही होत नाही? मी तं दोनदा जेवतो."

त्या उन्हाळ्यात पाटलांच्या पंगतीत दोघं दगावले. झिंगरूजींना बोलावणं बंद झालं. आचाऱ्याचं नाव गेलं की उरतं काय? रोज माझ्या ओसरीवर येऊन बसू लागले.

"गुरुजी, गोंदियाच्या डॉक्टरकडे न्या. मायात काहीच नाही म्हणून लिहून आणू. एकएकाले कागद दाखवतो."

नेलं मी. मीच नेलं. डॉक्टरांनी शौच तपासायला मागितलं, तेव्हा आठ दिवस माझ्यावर धुसफुसत होते. "कायले? वडे का तिकडून करतो मी?"

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. हगवणीचे जंतू यांच्या पोटात आहेत, बऱ्याच वर्षांचे असतील. यांना त्रास नाही, पण हातावाटे ते अन्नात जातात. बोडीच्या मातीनं हात घासून ते निघत नाहीत. यापुढे कोणासाठी रांधू नका.

परतताना बैलबंडीत मी शब्द जुळवत बसलो, दुसरं काम शोधू, असलं काहीतरी. त्यांना कामाचं पडलंच नव्हतं.

"गुरुजी, मायी एक पोरगी होती, गोदी. चार वर्साची. हगवण लागली तिले. मायच्या हातचं खायेच नाही. मी आंघोळ करून भात कालवो न् भरवो. जराशी बरी व्हये, मंग पुन्हा लागे. मी पुन्हा भरवो."

"तिला वेगळं काही झालं असेल," मी म्हणालो. खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारणारा मी.

"तुमी शिकलेले आहा, गुरुजी. वेगळंच असन मनता?"

"वेगळंच."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. गाव येईपर्यंत ते विचारतच राहिले.