कचरूभाऊंची एमएससी

"आपण एमएससीआयटी झालेला माणूस! लग्नाचं ॲप आपल्यापुढं काय चीज हाय!" कचरूभाऊ अंगदला म्हणाले.

दोघंही जाफराबादच्या एका कचेरीत शिपाई. साहेबांनी सगळ्यांना करायला लावलेला तो कॉम्प्युटरचा कोर्स भाऊ पहिल्याच फटक्यात पास झाले होते. बायको सगुणाबाई जाऊन चार वर्षं झाली, तरी संध्याकाळी त्यांच्याकडून दोन माणसांचाच चहा व्हायचा, आणि दोन्ही कप तेच प्यायचे. म्हणून हे ॲप.

शिक्षणाच्या यादीत 'एमएससीआयटी' काही सापडेना. 'एमएससी' होतं.

"आयटी कुठं गेलं बे?"

"जागा पुरली नसंल. दाबा जल्दी!"

दाबलं. आणि काय सांगावं! फोन जत्रेतल्या पिपाणीसारखा वाजू लागला! त्यात प्रेमलाबाई होत्या. कुंभार पिंपळगावला शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्याही एकट्याच.

'विषय कोणता होता?' त्यांनी लिहिलं.

'कॉम्प्युटर.'

'आणि प्रबंध?'

'बिलकुल! जेवणाखाण्याचा सगळा प्रबंध मीच करतो.'

'फार गमतीचे आहात!'

भाऊ हवेत गेले. समोर कुणी बसलंय आणि विचारतंय, "आज काय झालं?" एवढंच स्वप्न, पण ते दिवसभर पुरायचं. त्या नादात त्यांनी साहेबांसमोर सहीला फाईलऐवजी स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला!

भेट ठरली जांब समर्थला. देवळाबाहेर चहा घेताना बाई म्हणाल्या, "मी ॲपला सांगूनच ठेवलंय, एमए-एमएससीच्या खाली कुणी दाखवूच नको."

भाऊंनी कप खाली ठेवला. "मंग... एमएससीत आयटी न्हाई का येत?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. भाऊंनी सगळं सांगून टाकलं, फोन काढला आणि तिथंच शिक्षण दुरुस्त केलं: दहावी. बाईंच्या फोनवरून भाऊ गायब!

"अहो, तुम्ही दिसेनासे झालात!"

"मी हितंच बसून राह्यलो की, बाई."

बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे. मग फोन पर्समध्ये टाकला आणि खुदकन हसल्या.

"मी नववीला शिकवते. तुम्ही एक इयत्ता पुढंच आहात! बसा, अजून एक चहा घेऊ."

भाऊंना वाटलं, आपण बाकड्यावर नाही, कापसाच्या ढिगावर बसलोय. अशा माणसापासून आता काय लपवायचं?

"बाई," ते हळूच म्हणाले, "दहावीत इंग्रजी राह्यलंय माझं."