केळीच्या घडास गाऊन चढविल्याची हकिकत

ठण्ण! ऐसा नाद उपड्या बादलीवर उमटला आणि दुपारची शांतता, जी अनुजाबाईंस कन्या निजल्यावर मोठ्या मिनतवारीने हाती लागली होती, ती भंगली. येथून मोहिमेचा आरंभ. घडले ते यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही नाही, असल्यास थोडे.

ठाकूरद्वारी, वाडीच्या मागील दारी, नळाच्या सांडपाण्यावर एक केळ. ती अनुजाबाईंचे सासरे राजश्री आनंदराव यांणी गावाहून कोंब आणून लाविली, आणि तीस पहिलाच घड आला, आणि नात रुचाबाई, वय वर्षे चार, यांणी बालवाडीत भर सभेत शब्द दिला की, आमचे वाढदिवशी आमच्या झाडाचे केळे सर्वांस. इयान चावतो, सबब त्यास अर्धे. मुले अठ्ठावीस, केळी छत्तीस. ऐशात बादलीवर पडिले ते कुरतडलेले केळे, आणि वर खार मिशा पुशीत बसलेली. गणती केली तो चार केळी कामास आली होती.

मग अनुजाबाईंनी साडीच्या दुकानची प्लास्टिक पिशवी घडास चढवून खालून पक्की गाठ मारिली. चार दिवसांत आत घाम फुटला आणि आणखी दोन केळी काळी पडली. तेव्हा आनंदराव गॅलरीतून गरजले, “अगो, वरसून आवळ, पण खालसून मोकळा ठेव! घडाक वारो नको?”

मग बहुत मसलत होऊन कपाटाच्या तळातून एक गाऊन निघाला. घेरदार, जांभळ्या फुलांचा, रुचाबाई पोटी असता रोज अंगावर असलेला. तो टाकवतही नव्हता आणि घालवतही नव्हता. शेजारच्या एडना आंटी मशीन घेऊन कुमकेस धावल्या, बाह्या शिवून बंद केल्या आणि “माझ्या गाऊनला पण असा फिटिंग नाय, मॅन!” ऐसा शेरा दिला. गळा दांड्यास आवळला, घेर खाली मोकळा सोडिला, बंदोबस्त चोख जाहला.

त्याचा दरारा काय वर्णावा! खार दोनदा चालून आली आणि घेर वाऱ्याने फुगताच शेपूट उचलून पळाली. कुरिअरवाले वसंतराव मागल्या दाराने आले ते थेट गाऊनासमोर उभे राहिले आणि “वहिनी, ओटीपी सांगा. अहो वहिनी, ओटीपी!” ऐसे तीनदा विनवून, “काय माज आहे!” म्हणत पार्सलासह माघारी फिरले.

पुढे दोन महिन्यांनी घड उतरला, गोणपाटात पिकला, आणि वाढदिवशी अठ्ठावीस मुलांस अठ्ठावीस केळी पोहोचली. इयानासही मेहेरबान होऊन अख्खे दिले. दोन उरली, ती आनंदराव आणि एडना आंटी यांस मानाची म्हणून गेली. रुचाबाईंचा शब्द राहिला, खार शिकस्त खाऊन शेजारच्या पेरूवर गेली, मोहीम फत्ते. येणेप्रमाणे नोंद केली असे.

सायंकाळी अनुजाबाई धुतलेल्या गाऊनाची घडी घालू लागल्या, तो रुचाबाईंनी त्यात तोंड खुपसले आणि आतूनच विचारिले,

“आई, ह्याच्यात आधी मी होते ना? मग मला कोणाला देणार?”